म्हशी बाहेर काढल्या, मग पक्षी का गेले?

गेल्या वर्षी आमच्या अभ्यासवर्गात एम.एस्सी. झालेली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मला पीएच.डी. करायची आहे. विषय चळवळीचा नाही. मला आपल्या भागातल्या ओढ्यांतले किडे मोजायचे आहेत." थोडा हशा पिकला. मग एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "पोरी, आपली माणसं अजून गटारात उतरून मरतायत, आणि तू हौसेनं ओढ्यात उतरणार?" हशा थांबला. ती खाली बसली. आमच्यापैकी कोणाजवळही त्या वेळी धड उत्तर नव्हते. काका चुकीचे बोलले असे म्हणण्याची सोय नव्हती, आणि ती मुलगी चुकते आहे असे आम्हाला वाटतही नव्हते.

त्यानंतर आम्ही काही जणांनी ठरवून वाचन केले. आपल्या देशात पाणथळी आणि ओढ्यांवर विद्यार्थ्यांनी, संशोधकांनी वर्षानुवर्षे काम केले, त्यातून निघाले काय? ते कोणाच्या उपयोगी पडले? त्या वाचनात भरतपूर सापडले. पर्यावरणाच्या वर्तुळात ही हकिकत जुनी आहे. आपल्या वर्तुळात मात्र ती जवळजवळ कोणाला माहीत नाही, आणि आम्हालाही नव्हती. ती आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावी, कारण तिच्यातला मूळ प्रश्न आपल्या ओळखीचा आहे : पाणी कोणामुळे खराब होते, हे ठरवतो कोण आणि कशाच्या आधारावर?

राजस्थानात भरतपूर शहराला लागून सुमारे २९ चौरस किलोमीटरची एक सखल जागा आहे. लोक तिला घना म्हणतात. सरकारी नाव केवलादेव राष्ट्रीय उद्यान. ही पाणथळ निसर्गाने आयती दिलेली नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. अठराव्या शतकात भरतपूरच्या सूरजमलच्या काळात अजान बांध घातला गेला, गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचे पुराचे पाणी अडवले गेले आणि मूळच्या खोलगट जमिनीत ते साचू लागले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानिकांनी छोटे बांध, चर आणि दारे करून तिथे बदकांच्या शिकारीची जागा तयार केली. पाण्याचे कप्पे पाडले, कुठल्या कप्प्यात किती पाणी सोडायचे ते ठरवले. म्हणजे जागा माणसाने घडवलेली, पाणी माणसाने सोडलेले. या जागेला आज पर्यटनाच्या माहितीपत्रकांत 'अस्पर्शित निसर्ग' म्हटले जाते. हा शब्द आपल्या कानाला कसा लागतो, ते वेगळे सांगायला नको.

१२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत इथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा लाजेने लपवलेला नाही. उद्यानात दगडी फलकांवर अशा शिकारींची नोंद कोरलेली आहे, कोण पाहुणा, किती बंदुका, किती पक्षी. १९५६ साली ही जागा पक्षी अभयारण्य झाली, तरी बड्या पाहुण्यांच्या शिकारी १९६४ पर्यंत चालूच होत्या.

याच काळात, त्याच पाण्यात, आसपासच्या गावांच्या म्हशी चरत होत्या. माणसे गवत कापत होती, जळणासाठी काटक्या नेत होती, वाळ्याची मुळे खणून विकत होती. म्हशीला पाण्यात उभे राहून चरायला आवडते, हे आपल्यापैकी गावाकडच्या कोणालाही माहीत आहे. पिढ्यानपिढ्या हे चालले आणि दर हिवाळ्यात पक्षी येतच राहिले. सैबेरियाहून येणारे पांढरे क्रौंच इथेच उतरत, साठीच्या दशकाच्या मध्यात त्यांची संख्या दोनशेच्या घरात होती. बदके, बगळे, करकोचे, पाणकावळे यांची तर गणतीच नाही.

मग संवर्धनाचा काळ आला. १९८१ मध्ये ही जागा रामसर करारात गेली आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली. भोवती माणसापेक्षा उंच दगडी भिंत बांधली गेली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याच्या कलम ३५ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येणार नाहीत. अभयारण्यात थोडी सूट असते, राष्ट्रीय उद्यानात नाही. उद्यान डोंगरावरचे जंगल आहे, वाळवंट आहे की पाणथळ, याचा विचार त्या कलमात नाही. सगळ्यांना एकच नियम.

नोव्हेंबर १९८२ मध्ये भरतपूरमध्ये हा नियम लागू झाला. गावकऱ्यांना पर्यायी कुरण दिले नाही, चाऱ्याची सोय केली नाही, एक दिवस दारे बंद झाली. लोक म्हशी घेऊन आत घुसण्याचा प्रयत्न करू लागले. पोलिसांनी गोळीबार केला आणि गावकरी मेले. पक्ष्यांच्या रक्षणासाठी माणसे मारली गेली, असे सरळ वाक्य लिहायला हात अडखळतो. पण झाले ते हेच. १९३८ च्या ४,२७३ पक्ष्यांसाठी कोणावरही गोळी चालली नव्हती. आपल्या म्हशीला गवत मिळावे म्हणून आलेल्या माणसावर चालली.

बंदीमागे विज्ञान होते का? होते, असा तेव्हा दावा होता. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी ही १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली संस्था, आणि तिचे सर्वात मोठे नाव म्हणजे डॉ. सलीम अली. भरतपूर वाचवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे, तो नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. पण म्हशींमुळे पाणथळ खराब होते, त्या बाहेर काढल्या की पक्षी वाढतील, हे मत त्यांचेही होते. या मताला तोपर्यंत मोजमापाचा आधार नव्हता. जगभरच्या संवर्धनवाल्यांना ते इतके उघड वाटत होते की मोजायची गरजच कोणाला वाटली नाही. आम्ही सलीम अलींवर जातीचा आरोप करत नाही, तो खोटा ठरेल. आमचा मुद्दा वेगळा आहे. 'हे तर उघडच आहे' असे म्हणून माणसांना पाण्यापासून दूर करण्याची सवय आपल्या देशात जुनी आहे, आणि नवे शास्त्रही त्या सवयीच्या खड्ड्यात सहज घसरू शकते.

सुदैवाने त्याच संस्थेने १९८० मध्ये भरतपूरला एक दीर्घ अभ्यास सुरू केला होता. डॉ. व्ही. एस. विजयन त्याचे प्रमुख होते. सलीम अलींच्या तालमीत तयार झालेले, मुंबई विद्यापीठातून बुलबुलांवर पीएच.डी. केलेले. त्यांच्या हाताखाली एम.एस्सी. झालेली तरुण मुले कामाला लागली. कोणी पाण्यातली वनस्पती, कोणी मासे, कोणी कासवे आणि अजगर, कोणी शिकारी पक्षी, असे विषय वाटून घेतले. त्यातल्या काहींच्या पीएच.डी. याच चिखलातून निघाल्या. दहा वर्षे, १९८० ते १९९०.

हे काम दिसते कसे, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण 'संशोधन' म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक येतो. इथे कमरेइतक्या पाण्यात उतरावे लागते. बांधांनी पाडलेल्या कप्प्यांना अक्षरांनी नावे दिलेली असतात. ठरलेल्या कप्प्यात, ठरलेल्या दिवशी, महिन्यामागून महिने जायचे. पाण्याची खोली, तापमान, त्यातला प्राणवायू पाहायचा. ठरावीक मापाची चौकट टाकून तिच्यातले गवत मुळासकट काढायचे, वाळवायचे, वजन करायचे. बारीक जाळीतून पाणी गाळून डोळ्यांना न दिसणारे जीव मोजायचे. पहाटे पक्षी मोजायचे, घरटी मोजायची. एका दिवसाच्या मोजणीला काही किंमत नसते. तीच मोजणी शंभर वेळा केली की मग ती बोलू लागते. यात बुद्धीपेक्षा चिकाटी जास्त लागते, आणि चिकाटीची आपल्याकडे कमतरता आहे असे आम्हाला तरी वाटत नाही.

आणि इथे इतिहासाने एक अपघात घडवला. अभ्यास १९८० ला सुरू झाला, बंदी १९८२ च्या अखेरीस आली. म्हणजे म्हशी असतानाची जवळपास अडीच वर्षांची नोंद हाती होती, आणि म्हशी नसतानाची आणखी सात-आठ वर्षांची मिळणार होती. कोणीही मुद्दाम आखला नसता असा प्रयोग आपोआप उभा राहिला. आधी आणि नंतर. तेच पाणी, तेच कप्पे, तेच मोजणारे.

निष्कर्ष अपेक्षेच्या उलट आला.

म्हशी गेल्यावर पास्पालम नावाचे पाण्यात पसरणारे गवत मोकाट वाढले. पूर्वी म्हशी ते सतत खात, तुडवत, त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग मोकळा राही. आता गवताची गादीच्या गादी पाण्यावर पसरली. पोहणाऱ्या आणि बुडी मारणाऱ्या बदकांना मोकळे पाणी लागते, ते आटले. मासे पकडून खाणाऱ्या पक्ष्यांना मासा दिसेना. गवत कुजायला लागले की पाण्यातला प्राणवायू खर्च होतो, त्याचा फटका माशांना. कुजलेला थर तळाशी साचून तळे हळूहळू उथळ होते. क्रौंच पक्षी चिखलात चोच खुपसून कंद काढून खातात, त्या चिखलावर गवताचे जाड आवरण आले. शिवाय म्हशीचे शेण पाण्यात पडत होते ते थांबले. शेण म्हणजे खत, त्याच्यावर शेवाळ, शेवाळावर सूक्ष्म जीव आणि किडे, त्यांच्यावर मासे, माशांवर पक्षी. साखळीची एक कडी भिंतीबाहेर काढली गेली होती.

विजयन यांच्या १९९१ च्या अंतिम अहवालाने सांगितले की म्हैस ही या पाणथळीची शत्रू नव्हे, ती या व्यवस्थेचा भाग आहे, आणि चराई मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू करावी. ज्या संस्थेच्या थोर माणसाने बंदीला पाठिंबा दिला, त्याच संस्थेच्या संशोधकांनी हे लिहिले. सलीम अली तोवर, १९८७ मध्ये, गेले होते. आम्हाला या प्रसंगात सर्वात मोठी गोष्ट हीच वाटते. आपल्या गुरूच्या, आपल्या संस्थेच्या, आपल्या स्वतःच्याही मताविरुद्ध आकडे गेले, तेव्हा त्यांनी आकडे दाबले नाहीत. तथागतांनी कालामांना जे सांगितले, परंपरा आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका, ते वंदनेच्या वेळी आपण सगळेच आठवतो. चिखलात उभे राहून ते पाळणारे थोडे.

एक खबरदारी. सैबेरियन क्रौंच भरतपूरमधून नाहीसे झाले, २००२ नंतर ते तिथे दिसले नाहीत. त्याचे खापर एकट्या चराईबंदीवर फोडता येणार नाही. त्यांच्या हजारो किलोमीटरच्या वाटेवर शिकारही होत होती. काही लेखांमध्ये 'म्हशी गेल्या म्हणून क्रौंच गेले' असे ठोकून दिलेले असते. आपण तसे लिहू नये. दुसऱ्याच्या अतिशयोक्तीवर बोट ठेवायचे आणि आपली चालवून घ्यायची, हे बरे नव्हे.

अहवालाचे पुढे काय झाले? म्हशी परत आल्या नाहीत. कायद्यात राष्ट्रीय उद्यानात चराई नाही म्हणजे नाही. त्याऐवजी गवत काढायला बुलडोझर लावून पाहिले. पुढे गावकऱ्यांना परवाना देऊन गवत कापून न्यायची मुभा मिळाली. जे काम म्हैस फुकट आणि आनंदाने करत होती, ते आधी यंत्राने, मग बाईच्या डोक्यावरच्या भाऱ्याने. कोरड्या वर्षांत वेडी बाभूळ माजली, तेव्हा ती उपटायलाही गावकरीच बोलवावे लागले आणि लाकूड त्यांना दिले गेले. ज्यांना भिंतीबाहेर काढले, त्यांच्या हातांशिवाय ती जागा चालत नाही, हे दर काही वर्षांनी नव्याने कळते आणि पुन्हा विसरले जाते.

आता महाडची आठवण काढणे भाग आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, माणसे पिऊ शकत नव्हती. सत्याग्रहानंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले, १०८ घागरी पाणी बाहेर काढून, शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे मिश्रण पाण्यात ओतून. पाणी कशाने खराब होते याची त्यांची समजूत ही अशी होती. त्या समजुतीला मोजमाप नव्हते, गरजही नव्हती, कारण ती श्रद्धा होती. पण पुढे काय झाले, ते आपल्यातले बरेच जण सांगत नाहीत. प्रकरण कोर्टात गेले आणि दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयात सनातन्यांचे अपील फेटाळले गेले. का? तळ्यावर फक्त आपलाच हक्क असल्याची रूढी अनादिकालापासून चालत आली आहे, हे त्यांना सिद्ध करता आले नाही म्हणून. 'हे तर उघडच आहे' एवढे कोर्टात चालले नाही. पुरावा मागितला गेला आणि तो नव्हता.

महाड आणि भरतपूर एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. महाडला माणसाला माणूसपण नाकारले होते, भरतपूरला उपजीविका. अन्याय वेगळे, त्यांची खोली वेगळी. पण दोन्हीकडे आधी ठरवले गेले की अमुक आत आले की पाणी बिघडते, आणि पुरावा नंतर शोधला गेला. दोन्हीकडे पुरावा खरोखर तपासला गेला तेव्हा दावा कोसळला.

इथे आपल्यातले काही मित्र उत्साहाने म्हणतील, बघा, गावाला सगळे कळते, निसर्ग गावाच्या हाती सोपवा. आमचे या मताशी भांडण आहे. माधव गाडगीळ यांनी भरतपूरचे उदाहरण मराठी वाचकांपुढे अनेकदा मांडले. चराईबंदीमागचे अज्ञान त्यांनी उघडे पाडले, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. पण त्यांचे उत्तर शेवटी ग्रामसभेकडे जाते. आमचा प्रश्न तिथून सुरू होतो : ग्रामसभेत पुढच्या रांगेत कोण बसते? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी गावाला आदर्श मानण्याच्या कल्पनेवर कठोर हल्ला चढवला, तो त्यांनी चिडून केला नव्हता, अनुभवावरून केला होता. भरतपूर जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. उद्यानापासून फार लांब नसलेल्या कुम्हेरमध्ये जून १९९२ मध्ये जाटवांची कत्तल झाली. मारणारे त्याच मुलखातल्या वरचढ जातीचे होते. विजयन यांचा अंतिम अहवाल येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. 'गावकऱ्यांचे हक्क' म्हणताना कोणत्या गावकऱ्याचे, हे विचारल्याशिवाय आपण पुढे जाऊ शकत नाही. म्हशींचे मोठे कळप असलेले घर आणि वाळ्याची मुळे खणून दिवस काढणारे घर, दोन्ही 'गाव' या एका शब्दात कोंबली की दुसरे घर दिसेनासे होते. चराई परत सुरू झाली तर पहिल्याला लाभ. वाळा आणि काटक्या परत मिळाल्या तर दुसऱ्याला. आपण कुठल्या बाजूने बोलतो आहोत, हे शब्द वापरण्याआधी ठरवावे लागेल.

म्हणून आमची भूमिका ना भिंतीची, ना गावाच्या भाबड्या गौरवाची. आमची भूमिका मोजणीची आहे, आणि मोजणाऱ्यांत आपली माणसे असण्याची आहे.

मोजणाऱ्यांबद्दल आणखी थोडे. भरतपूरमध्ये पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांचे स्थलांतर शोधण्याचे काम साठच्या दशकापासून चालू होते. पण पक्षी जिवंत, न दुखावता पकडणार कोण? विद्यापीठातल्या पदवीधराला ते येत नव्हते. ते येत होते बिहारच्या मीरशिकारांना, पिढीजात पक्षी पकडणाऱ्या मुस्लिम समाजाला. त्यांतले अली हुसेन यांचे नाव पक्षी अभ्यासकांत आजही आदराने घेतले जाते, पण अशी नोंद अपवादाने होते. बहुतेकांची जागा प्रबंधाच्या पहिल्या पानावर, आभाराच्या एका ओळीत. पुस्तकावर नाव वेगळ्याचे. भरतपूरला उद्यानात मोटारी नेत नाहीत, सायकल रिक्षा नेतात, आणि ते रिक्षावाले शेकडो पक्षी नुसत्या आवाजावरून ओळखतात. हे ज्ञान आहे की नाही? ज्ञान आहे हे सगळे मान्य करतात. मग त्या माणसाचा मुलगा त्याच पाण्यावर पीएच.डी. करायला का पोचत नाही, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

आणि पोचले तर काय होते? याच अभ्यासात विभू प्रकाश या तरुण संशोधकाने ऐंशीच्या दशकात भरतपूरचे शिकारी पक्षी आणि गिधाडे मोजली. तेव्हा गिधाडांची शेकडो घरटी होती, मोजून काय मिळणार असे कोणालाही वाटले असते. नव्वदच्या दशकात ते परत मोजायला गेले आणि गिधाडे झपाट्याने मरत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. जुनी मोजणी नसती तर 'कमी झाल्यासारखी वाटतात' एवढेच म्हणता आले असते. त्यांचा लेख १९९९ मध्ये आला, आणि २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून कळले की गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांना मारते. २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी ते बंद झाले. मेलेले जनावर, ते ओढणारा, सोलणारा आणि मग उतरणारी गिधाडे, ही साखळी आपल्या आजोबांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. ते काम सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले आणि आपण सोडले, योग्यच केले. पण ते काम सोडणे म्हणजे त्याबद्दलचे ज्ञानही दुसऱ्याच्या नावावर करून देणे नव्हे. काकांच्या त्या दिवशीच्या प्रश्नाला आमचे उत्तर इथे कुठेतरी आहे. गटारात उतरायला लावणे आणि आपल्या मर्जीने, वही घेऊन, बूट घालून, पगार घेऊन ओढ्यात उतरणे, या दोहोंत पाणी सारखे असेल, बाकी काही सारखे नाही.

पाणी मुळात येते कुठून, हे विसरून पाणथळीबद्दल बोलता येत नाही. भरतपूरच्या बाबतीत ते गंभीर नदीतून यायचे. वर करौली जिल्ह्यात पाच प्रवाहांच्या संगमावर पांचना धरण बांधले गेले. २००४ मध्ये वरच्या शेतकऱ्यांच्या विरोधामुळे उद्यानासाठी पाणी सुटले नाही आणि जागतिक वारसा असलेली पाणथळ कोरडी पडली. आता दूरच्या चंबळेतून आणि गोवर्धन नाल्यातून पाणी आणावे लागते. ज्या पाण्यासाठी म्हशींना बाहेर काढले, ते पाणीच वर अडले होते. उद्यानाच्या भिंतीला हे थांबवता आले नाही. भिंत म्हैस अडवू शकते, धरण नाही.

आमच्या भागात हे सगळे ऐकताना लोकांना नांदूर मध्यमेश्वर आठवते. निफाडजवळ गोदावरी आणि कादवेच्या संगमावर ब्रिटिश काळात बंधारा झाला, त्याच्या फुगवट्यात गाळ साचला आणि पक्षी येऊ लागले. 'महाराष्ट्राचे भरतपूर' असे त्याला कौतुकाने म्हणतात. महाराष्ट्रातली ही पहिली रामसर जागा, जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेली. तेही माणसाने बांधलेलेच पाणी. तिथे मासेमारी करणारे आहेत, पाणी ओसरल्यावर गाळपेर करणारे आहेत, गुरे आहेत. वर नाशिक शहर आहे, त्याचे सांडपाणी आहे. तीच गोदावरी, जिच्या काठी १९३० मध्ये काळाराम मंदिरासाठी आपल्या माणसांनी दगड झेलले. उद्या तिथेही कोणी ठरवेल की पक्ष्यांना त्रास होतो तो भोयाच्या होडीचा, आणि शहराच्या नाल्याचा नाही. त्या दिवशी त्या पाण्याची वीस वर्षांची नोंद कोणाच्या कपाटात असेल?

तर ती मुलगी. तिला प्रवेश मिळाला. फेलोशिपचे हप्ते मात्र अडले आहेत, एका कार्यालयात फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर जाते आहे, आणि प्रत्येक वेळी एक नवीन प्रमाणपत्र मागितले जाते. नमुने ठेवायला बाटल्या, ओढ्यापर्यंत जायला पेट्रोल, हे सगळे सध्या वर्गणीतून चालले आहे. आमच्यातल्या ज्यांना शक्य आहे त्यांनी हातभार लावला, काकांनीही लावला. मागच्या महिन्यात ते स्वतःच म्हणाले, "चल, बघू तरी काय करतेस." गेले. तिने ओढ्यातला एक दगड उलटा करून दाखवला. खाली चिकटलेला, शेपटीला तीन बारीक दोरे असलेला एक छोटा जीव होता, मेफ्लायचे पिल्लू. असे जीव स्वच्छ, प्राणवायू असलेल्या पाण्यात राहतात, तिने सांगितले. काकांनी दगड हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि विचारले, "म्हणजे हे पाणी चांगलं?"

"एका महिन्यावरून सांगता येत नाही काका," ती म्हणाली. "उन्हाळ्यातही यायला लागेल." काकांनी दगड होता तसाच परत पाण्यात ठेवला.